पैनगंगेच्या वळणावरचे माहूर

परभणी जिल्ह्यातील सेलू हे सपाट, काळ्या जमिनीचे गाव. दुधनेच्या खोऱ्यातील ही जमीन कापसाला मानवते, आणि मनमाडहून हैदराबादेकडे जाणारा लोहमार्ग विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर या बाजूने गेला, तेव्हापासून गावाला व्यापाराचे वळण अधिकच लागले. येथल्या माणसाला डोंगर पाहायचा तर ईशान्येस जिंतूरकडे, नेमगिरीच्या टेकड्यांपर्यंत जावे लागते. आणि तरीही सेलूतील कितीतरी घरांचे नवस-सायास, मुलांची जावळे, लग्नाच्या पहिल्या अक्षतेचा मान आणि लग्नानंतरचा गोंधळ ही सर्व एका दूरच्या डोंगराकडे तोंड करून होतात. तो डोंगर म्हणजे नांदेड जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, पैनगंगेच्या काठी वसलेले माहूर.

माहूरविषयी आजवर जे लिहिले गेले ते बहुतांशी देवीविषयी, आणि ते स्वाभाविकच आहे. तुळजापूर, कोल्हापूर आणि माहूर ही तीन पूर्ण पीठे आणि वणीची सप्तशृंगी हे अर्धे, अशी साडेतीन पीठांची गणती महाराष्ट्रातील लहान मुलालाही ठाऊक असते. परंतु देवीचे दर्शन घेऊन पायऱ्या उतरताना ज्याची नजर समोरच्या डोंगरावरील तटबंदीकडे जाते त्याच्या मनात दोन प्रश्न सहज उभे राहतात. एवढ्याशा गावाला एवढा विस्तीर्ण किल्ला कशासाठी लागला, हा पहिला. आणि एवढा विस्तीर्ण किल्ला लाभलेले गाव पुढे एवढेसेच का राहिले, हा दुसरा. या दोन्ही प्रश्नांचे उत्तर डोंगराच्या पायथ्याशी वाहणाऱ्या नदीपाशी सापडते, असे मला वाटते. कारण ज्या पैनगंगेने माहूरला थोरवी दिली तिनेच पुढे, राज्यकर्त्यांच्या हातून सीमारेषा होऊन, ती थोरवी काढून घेतली.

पैनगंगा अजिंठ्याच्या डोंगररांगेत, बुलढाणा जिल्ह्यात उगम पावते आणि वाशीमचा मुलूख ओलांडून पूर्वेकडे येते. ईसापूरच्या धरणाखाली आल्यावर एका काठाला मराठवाडा आणि दुसऱ्या काठाला वऱ्हाड ठेवीत ती पुढे सरकते, सहस्रकुंडाच्या काळ्या कातळावरून खाली कोसळते, आणि तेथून उत्तरेकडे झुकत माहूरच्या डोंगरांना वेढा घालून पुन्हा पूर्वेकडे वळते. या वळणामुळे माहूरच्या तीन बाजूंना नदी आहे. पुढे उनकेश्वराच्या गंधकयुक्त उष्ण झऱ्यांजवळून जाऊन ती वर्धेला मिळते, वर्धा वैनगंगेला मिळते, त्यांच्या संगमातून प्राणहिता होते आणि प्राणहिता अखेर गोदावरीत विलीन होते. सेलूवर पडलेला पाऊसही दुधनेतून पूर्णेत आणि पूर्णेतून गोदावरीत जातो. म्हणजे सेलूचे पाणी आणि माहूरचे पाणी निरनिराळ्या वाटांनी शेकडो मैल हिंडून सिरोंच्याजवळ, तेलंगणाच्या वेशीवर एकत्र येते.

हे डोंगर उंचीने मोठे आहेत असे नाही. सह्याद्रीचे कडे पाहिलेल्या माणसाला ते प्रथमदर्शनी टेकड्याच वाटतील. त्यांचे बळ उंचीत नसून रचनेत आहे. दख्खनच्या लाव्हारसाचे थर येथे एकावर एक पसरलेले असून पाण्याने ते कापले गेल्यामुळे माथे सपाट आणि कडा उभ्या अशी त्यांची घडण झाली आहे. पूर्वेकडे वणीच्या बाजूस गेले की हा काळा पाषाण विरळ होत जातो आणि चुनखडीचे व कोळशाचे खडक वर येतात. माथ्यावर वस्ती करता येईल एवढी जागा, तळी खोदता येतील असा खडक, उतारावर सागाचे दाट जंगल आणि पायथ्याशी पावसाळ्यात दुथडी भरून वाहणारी नदी, एवढे साहित्य एके ठिकाणी जुळून आल्यावर किल्ल्याची जागा मुद्दाम शोधावी लागत नाही. त्यातच उत्तरेकडून वऱ्हाडच्या सुपीक मैदानातून तेलंगणाकडे उतरणाऱ्या सैन्याला आणि सौदागराला ही डोंगररांग ओलांडावीच लागे, आणि ओलांडण्याच्या वाटेवर माहूर बसलेले होते.

आजचे माहूर पाहू जाणाऱ्याला गाव, किल्ला आणि देवस्थाने ही एकमेकांपासून अलग अशी दिसतात. गाव खाली, डोंगराच्या कुशीत आहे. एका डोंगरावर रेणुकेचे मंदिर, त्याच्या पलीकडे अधिक उंचावर दत्तशिखर आणि त्याहून पुढे अत्रि-अनसूयेचे शिखर, अशी ही तीन स्थाने असून घाटाच्या वळणांनी चढणारी मोटार आता यात्रेकरूला फार कष्ट पडू देत नाही. मातापूर या नावानेही हे क्षेत्र ओळखले जाते. सहस्रार्जुनाने जमदग्नीचा वध केल्यानंतर परशुराम पित्याचा देह आणि माता रेणुका यांना कावडीत घालून अंत्यसंस्काराला योग्य अशी कोरी भूमी शोधीत येथवर आला, दत्तात्रेयांनी त्या विधीचे आचार्यत्व पत्करले, आणि सहगमन केलेल्या मातेसाठी शोक करणाऱ्या पुत्राने वेळेआधी मागे वळून पाहिल्यामुळे मातेचे केवळ मुख तेवढे भूमीतून वर आले, अशी ही कथा. मातृतीर्थाचे कुंड याच कथेशी जोडलेले आहे आणि तेथे आजही लोक श्राद्धकर्मासाठी येतात.

या कथेमुळेच गाभाऱ्यात मूर्ती नाही. पूर्वेकडे पाहणारा, सुमारे पाच फूट उंचीचा शेंदरी मुखवटा, म्हणजे देवीचा तांदळा, डोळ्यांत भरतो आणि त्याच्यापुढे माणूस उगीचच लहान होतो. मंदिराचा इतिहास परंपरा देवगिरीच्या यादवांपर्यंत नेऊन पोचविते. पण माहूरचे खरे वैशिष्ट्य नैवेद्यात आहे. इतर ठिकाणी देवाला विडा ठेवतात. येथे तो कुटतात. नागवेलीची पाने, सुपारी, कात, चुना आणि सुगंधी जिन्नस दगडी खलात घालून बत्त्याने असे चेचले जातात की पानाचा देठ आणि सुपारीचे खांड यांत भेद उरत नाही. तो तांबूस, ओलसर, जिभेला किंचित चुरचुरणारा गोळा देवीच्या मुखाला लागून प्रसाद म्हणून वाटला जातो. विडा कुटणाऱ्यांचे तळवे रंगलेले असतात, बत्त्याचा ठोका आवारात सारखा ऐकू येत असतो, आणि प्रसादाची पुडी घेतल्याशिवाय माहूरहून परतलेला माणूस सेलूच्या घरी यात्रा करून आला असे कोणी मानीत नाही. दात गेलेल्या म्हाताऱ्यांना तर हा तांबूल देवीने आपल्याचसाठी योजला असे वाटते.

रेणुकेइतकाच माहूरवर दत्ताचा हक्क आहे. वाराणसीस स्नान, कोल्हापुरास भिक्षा आणि माहुरास निद्रा, असा दत्तात्रेयांचा नित्यक्रम संप्रदायात सांगितला जातो. मार्गशीर्षातील दत्तजयंतीला शिखरावर जमणारा समुदाय आणि आश्विनातील नवरात्राचा समुदाय यांत गर्दीचे उणेअधिक ठरविणे कठीण आहे. महानुभाव पंथाचा येथील संबंध आणखी जुना. पंचकृष्णांतील दत्तात्रेय प्रभूंचे हे स्थान मानले जाते, आणि फलटणचे चक्रपाणी प्रभू येथे आले असता दत्तात्रेयांनी वाघाच्या रूपाने त्यांच्या मस्तकावर पंजा ठेविला, अशी कथा पंथाने जपली आहे. सागाच्या रानात वाघ फिरत असत, त्या काळच्या माहूरची आठवणच या कथेतून टिकून राहिली आहे असे म्हणता येईल. याच परिसरात सोनापीराचा दर्गा आहे आणि थोड्या अंतरावर वझरा येथे शेख फरीदांचे स्थान आहे. तेथील धबधबा पावसाळ्यात सर्व धर्मांच्या लोकांना सारखाच ओढून नेतो. देवीचे भक्तकवी विष्णुदास यांनीही आपले आयुष्य माहुरातच वेचले, आणि त्यांची पदे अजून मराठी घरांतून म्हटली जातात.

आता इतिहासाकडे वळू. गावाजवळ डोंगरात कोरलेली जी पांडवलेणी म्हणून ओळखली जातात ती राष्ट्रकूटकालीन मानली जातात. जाड खांबांचे विस्तीर्ण दालन, दगडाची ओबडधोबड पण भारदस्त शिल्पे आणि मध्येच थांबलेले काम पाहिले म्हणजे एवढे पाथरवट येथे पोसले जात होते, त्यांच्यामागे आश्रयदात्याचा पैसा आणि वाटसरूंची वर्दळ होती, हे अनुमान सहज निघते. निव्वळ अरण्यात कोणी लेणी खोदवीत नाही. यादवांच्या अस्तानंतर या वनप्रदेशावर गोंड राजांचे वर्चस्व राहिले, आणि पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात बहमनी सुलतान अहमदशहा वली याने माहूरवर स्वारी करून हा मुलूख आपल्या अंमलाखाली आणला.

बहमनी राज्यात माहूरला जे महत्त्व आले ते तहनाम्यांवरून आणि नेमणुकांवरून स्पष्ट होते. राज्याच्या चार तरफा, म्हणजे प्रांत, फार बलाढ्य होऊन तरफदार शिरजोर होऊ लागले, तेव्हा वजीर महमूद गावान याने प्रत्येक तरफेचे दोन भाग करून त्या आठ केल्या. वऱ्हाडचे जे दोन भाग पडले त्यांतील उत्तरेचे ठाणे मेळघाटातील गाविलगड आणि दक्षिणेचे ठाणे माहूर. गाविलगडावर फतहुल्ला इमादुल्मुल्क आणि माहुरावर खुदावंदखान हबशी अशी वाटणी झाली. पुढे १४९० मध्ये फतहुल्लाने स्वतंत्र होऊन इमादशाही स्थापिली आणि खुदावंदखानाच्या पश्चात माहूरही इमादशाहीच्या छायेत आले. हे हक्क निर्वेध नव्हते. अहमदनगरचे निजामशाह मूळचे पाथरीच्या कुळकर्ण्याच्या वंशातले. सेलूच्या शेजारचे ते पाथरी आपल्या पूर्वजांचे म्हणून त्यांना हवे, आणि वऱ्हाडच्या सुलतानाला ते सोडवत नाही, या भांडणात सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात पाथरी आणि माहूर ही दोन्ही ठाणी एकाच युद्धाच्या तडाख्यात सापडली. अखेर १५७४ मध्ये मुर्तझा निजामशाहाने संपूर्ण वऱ्हाडच गिळंकृत केला, आणि १५९६ मध्ये चांदबिबीला तो मोगलांच्या हवाली करावा लागला.

अबुल फजलच्या ‘आईन-इ-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याची जी सरकारे, म्हणजे जिल्हे, दिली आहेत त्यांत गाविल, नरनाळा, कळंब, वाशीम, मेहकर यांच्याबरोबर माहूर आहे, आणि पाथरीही आहे. म्हणजे अकबराच्या दफ्तरात सेलूच्या बाजूची रयत आणि माहूरची रयत एकाच सुभ्याची. त्याहून महत्त्वाची गोष्ट ही की, माहूर सरकारचे परगणे पैनगंगेच्या दोन्ही तीरांवर पसरलेले होते. आजच्या यवतमाळ जिल्ह्यातील दक्षिणेकडचा बराच मुलूख माहूरच्या कचेरीला वसूल भरीत असे. नदी त्या सरकारच्या मधून वाहत होती आणि किल्ला तिच्या वळणावर, मुलुखाच्या मध्यावर उभा होता. पहिल्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. किल्ला गावासाठी नव्हताच. तो दोन तीरांच्या मुलुखासाठी होता. आज हत्ती दरवाजातून आत शिरल्यावर जी तटबंदी डोंगराच्या वळणांनी दूरवर जाताना दिसते, महाकाली बुरुजासारखे जे बुरूज खालच्या दऱ्यांवर नजर ठेवून आहेत, आणि इंजाळा तलावाचे जे पाणी शिबंदीची तहान भागवीत असे, त्या सर्वांचा आकार एका सरकारच्या आमदानीच्या हिशेबाने ठरलेला आहे.

मोगल अंमलात माहूरची देशमुखी ज्या उदाराम घराण्याकडे होती त्या घराण्याच्या इतिहासातही ही भूगोलाची किंमत दिसते. शाहजादा खुर्रम, म्हणजे पुढचा शाहजहान बादशहा, १६२३ मध्ये बापाविरुद्ध बंड करून फसला आणि बऱ्हाणपुराहून दक्षिणेकडे पळत सुटला, तेव्हा आपले हत्ती आणि जड सामानसुमान त्याने माहूरच्या किल्ल्यात उदारामाच्या हवाली केले आणि आपण गोवळकोंड्याच्या मुलुखातून ओरिसाकडे निघून गेला. उत्तरेचा माणूस दक्षिणेकडे उतरताना ओझे टाकण्याची जागा माहूर, हा त्या प्रसंगाचा अर्थ. याच घराण्यातील सावित्रीबाईने बंडखोरांशी तलवार धरून लढल्याबद्दल औरंगजेबाकडून ‘रायबागन’ हा किताब मिळविला, आणि १६६१ च्या फेब्रुवारीत उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी कारतलबखानाला कोंडीत पकडले तेव्हा खानाबरोबर तीही होती. खिंडीच्या तोंडाशी अडकलेल्या सेनापतीला शरण जाण्याचा शहाणपणाचा सल्ला तिनेच दिला, असे सांगतात. जंगलात आणि घाटांत वाढलेल्या माणसाला अडचणीची वाट दुरून ओळखता येते. खानाला ते वेळेवर कळले नाही.

मोगलांचा सुभेदार निजामुल्मुल्क १७२४ मध्ये स्वतंत्र झाला आणि माहूर त्याच्या राज्यात गेले. वऱ्हाडात एकीकडे निजामाचा अंमल आणि दुसरीकडे नागपूरकर भोसल्यांची वसुली अशी दुहेरी व्यवस्था दीर्घकाळ चालली. १८०३ च्या देवगावच्या तहाने भोसल्यांचा वर्धेच्या पश्चिमेकडील हक्क संपला. येथवर पैनगंगेच्या दोन्ही तीरांचा धनी एकच होता. परंतु निजामाच्या पदरी इंग्रजांनी ठेवलेल्या कंटिन्जंट फौजेचा पगार थकला, थकबाकी वाढत गेली, आणि त्या कर्जाच्या फेडीसाठी १८५३ च्या तहाने वऱ्हाड प्रांत कंपनी सरकारच्या हाती सोपविण्यात आला. तोडून द्यावयाच्या मुलुखाची दक्षिण सीमा म्हणून पैनगंगा मुक्रर झाली. पुसद आणि उमरखेड वऱ्हाडात, म्हणजे इंग्रजी अंमलात गेले. माहूर आणि किनवट निजामाकडे राहिले. ज्या नदीच्या दोन्ही तीरांवर माहूरचे परगणे होते तीच नदी त्याची कड झाली. नांदत्या घराच्या अंगणातून भिंत घालावी तसे झाले. मुलुखाच्या मध्यावर असलेले ठाणे एका सहीने सरहद्दीवरचे खेडे ठरले, आणि दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही येथेच आहे.

ही सोय तात्पुरती आहे असे निजामाला वाटत होते. पण १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने सालीना पंचवीस लाख रुपयांच्या मोबदल्यात वऱ्हाडचा कायमचा पट्टा लिहून घेतला आणि लगेच पुढच्या वर्षी हा प्रांत मध्य प्रांताला जोडण्यात आला. निजामाची वऱ्हाडवरील सत्ता नावापुरती उरली, आणि १९३६ मध्ये युवराजाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब देऊन त्या नावाचीही बोळवण झाली. इकडे माहूर ज्या किनवट तालुक्यात होते तो तालुका आदिलाबाद जिल्ह्यात, म्हणजे प्रामुख्याने तेलुगू मुलुखात मोडत असे. मराठी रेणुकेचे ठाणे, जिल्ह्याची कचेरी तेलुगू प्रदेशात, दरबारची भाषा उर्दू आणि नदीपलीकडे इंग्रजी अमदानीतील मराठी शाळा, असा तो विलक्षण मेळ होता.

नदी ओलांडणे म्हणजे त्या काळी राज्य ओलांडणे. वऱ्हाडातले लोक पलीकडच्या मुलुखाला मोगलाई म्हणत. मोगलाईत शिरताना करोडगिरीचे नाके लागे. हैदराबाद संस्थानाचे जकातखाते त्या नावाने चाले, आणि गाडीत कापड, भांडी, केरोसीनचे डबे काय आहे याची झडती होई. नाणेही वेगळे. इंग्रजी कलदार रुपया पैलतीरावर चाले, ऐलतीरावर हाली शिक्का, आणि साधारण सहा कलदारांना सात हाली असा बट्टा पडे. देवीच्या पेटीत मात्र दोन्ही पडत. उमरखेडच्या बाजारात जनावर विकून आलेल्या शेतकऱ्याला सावकार आणि सराफ दोघेही या बट्ट्यात चिमटा घेत. कायदा, वजनमापे, शाळेची क्रमिक पुस्तके, रेल्वे आणि सडका, सर्व काही नदीच्या पाण्याशी येऊन थांबत असे. पलीकडे कापसाच्या जोरावर जिन, बाजारपेठा आणि छापखाने आले. अलीकडे साग तोडणारे ठेकेदार आले. राजधानीपासून फार दूरच्या आणि पराज्याला लागून असलेल्या ठाण्यात पैसा घालावा, असे कोणत्याही सरकारला सहसा वाटत नाही.

परंतु सरहद्दीचा एक उपयोग असतो, आणि तो हैदराबाद मुक्तिसंग्रामात दिसला. १९४७ च्या ऑगस्टनंतर पैलतीर स्वतंत्र भारत होता आणि ऐलतीर निजामाचे राज्य. रझाकारांच्या जुलमाने गावे उठून पैनगंगेपलीकडे गेली. उमरखेडसारख्या गावी स्वातंत्र्यसैनिकांची केंद्रे उभी राहिली आणि तेथून नांदेड-किनवटच्या बाजूस ठाणी, नाकी, तारा यांवर हल्ले होऊ लागले. जी नदी शंभर वर्षे आडवी आली होती तीच त्या वर्षी पाठीशी उभी राहिली. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान शरण आले आणि नाक्यांचे अडसर हळूहळू निघाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार राज्यरचना झाली तेव्हा आदिलाबाद जिल्हा आंध्रकडे गेला, पण त्यातील मराठीभाषक किनवट आणि राजुरा नांदेडला जोडण्यात आले; राजुरा पुढे चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला गेले. मराठवाडा आणि विदर्भ १९५६ मध्येच द्विभाषिक मुंबई राज्यात गेल्यामुळे पैनगंगेचे दोन्ही तीर शंभरहून अधिक वर्षांनी पुन्हा एका राज्यात आले, आणि १ मे १९६० रोजी त्यातून महाराष्ट्र झाला. कालांतराने किनवटातून माहूर हा स्वतंत्र तालुका निघाला. पूर्वेची राज्यसीमा २०१४ पासून तेलंगणाची झाली.

सीमा पुसली म्हणून तिचे वण जात नाहीत. नांदेडहून माहूरला जाणारी मोटार बहुधा हदगाववरून उमरखेडकडे निघते. हदगाव आणि उमरखेड यांच्यामध्ये ती पैनगंगा ओलांडून यवतमाळ जिल्ह्यात शिरते, महागावमार्गे पुढे जाते आणि धनोड्याजवळ तीच नदी पुन्हा ओलांडून परत आपल्या जिल्ह्यात येते. स्वतःच्या तालुक्याला जाण्यासाठी शेजारच्या जिल्ह्यातून जावे लागावे, यापेक्षा या भूगोलाचे स्पष्ट प्रमाण दुसरे कोणते हवे? दुसरी वाट मुदखेडहून आदिलाबादकडे जाणाऱ्या लोहमार्गाने भोकर, हिमायतनगर करीत किनवटापर्यंत आणि तेथून सागाच्या रानातून सडकेने. माहूरच्या माणसाला यवतमाळचा बाजार आणि दवाखाना जवळ, पण सातबाऱ्याचा वाद, निवडणुकीचे कागद आणि जिल्हाधिकाऱ्यांची भेट यांसाठी नांदेड गाठावे लागते. किनवट जिल्हा वेगळा करावा ही मागणी म्हणूनच वारंवार वर येते. या बाजूचे गोंड, कोलाम, आंध आणि बंजारा लोक गोंडी, कोलामी, गोरमाटी, मराठी आणि तेलुगू अशा भाषांत वावरतात. आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय किनवटास आहे, पण या समाजांचे नातेगोते आणि बाजारहाट दोन राज्यांत आणि तीन जिल्ह्यांत विखुरलेले आहेत.

आणि तरीही एक नकाशा असा आहे की जो १८५३ मध्ये फाटला नाही. नवरात्रात रेणुकेच्या पायऱ्यांवर जे लोक दिसतात त्यांची गावे विचारली तर पुसद, दिग्रस, आर्णी, उमरखेड, वाशीम, हिंगोली, परभणी, सेलू, नांदेड, आदिलाबाद, निर्मळ अशी नावे ऐकू येतात. ही जवळजवळ जुन्या माहूर सरकारची आणि त्याच्या शेजारच्या सरकारांची यादी होय. राखी पौर्णिमेला हजारो माणसे डोंगरांना परिक्रमा घालतात, त्या पायवाटांवरही हेच लोक. राज्यकर्त्यांनी मुलूख वाटून घेतला, पण कुलदेवतेची वाटणी कोणाला करता आली नाही. ज्या घराची कुलस्वामिनी माहूरची ते घर कोणत्या राज्यात पडले याचा विचार न करता वर्षाकाठी तेथे येत राहिले, आणि त्यामुळे जमाबंदीच्या दफ्तरातून निघून गेलेली प्रादेशिक एकता देवळाच्या आवारात टिकून राहिली. करोडगिरीच्या नाक्यावरूनही यात्रा चालूच होती.

या टिकून राहिलेल्या नकाशाकडे भक्तिभावाने पाहून थांबण्याचे कारण नाही. माहूरचा विकास म्हणून आजवर जे झाले ते बहुतेक यात्रेच्या निमित्ताने: घाटरस्ता, धर्मशाळा, दुकाने, वाहनतळ. देवीने गावाला जगविले हे खरे. पण यात्रा वर्षातील थोड्या दिवसांची असते आणि यात्रेवर जगणाऱ्या गावाला बाकीचे महिने मोकळे जातात. राज्य पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय येथे आहे, लेणी आहेत, किल्ला आहे, पलीकडे पैनगंगेचे अभयारण्य आणि सहस्रकुंड आहे, उनकेश्वराचे झरे आहेत. पण यांतील काही नांदेडच्या हद्दीत, काही यवतमाळच्या, आणि दोन्हीकडची खाती आपापल्या तीराचाच विचार करतात. एका तीराचा रस्ता चांगला असतो तेव्हा दुसऱ्या तीराचा पूल अडलेला असतो. पाण्याची वाटणी, जंगलाची राखण, सडका, एस.टी.च्या फेऱ्या, रुग्णालये, या सर्व बाबी नदीला सीमा समजून आखल्या जातात तोवर माहूर कडेलाच राहणार.

इतिहासाने येथे एक साधा धडा ठेवला आहे. माहूर मोठे होते तेव्हा नदी त्याच्या मुलुखाच्या मधून वाहत होती, आणि ते लहान झाले ते नदी त्याची कड झाली म्हणून. पराज्याची सीमा १९५६ मध्ये संपली. जिल्ह्याची सीमा उरली आहे, आणि ती पुसण्यास तह, फौज किंवा पट्टा यांपैकी कशाचीच गरज नाही. दोन जिल्हाधिकाऱ्यांनी एका टेबलाभोवती बसून दोन्ही तीरांची एकच योजना आखली तरी पुरे. हे काम कठीण नाही, पण दोन जिल्ह्यांच्या सरहद्दीवरचे काम कोणाचेच नसते, आणि माहूरची खरी अडचण आजही तीच आहे.